तवा माझा, बाटली तुझी

माधव, कावळा आला नाही.

तुला हे दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. दहाव्याला यमुनेच्या घाटावर तुझं पान मांडलं होतं. पिंड, दही, आणि बाजूला तुझ्या आवडीच्या म्हणून विद्याने केलेल्या सुरळीच्या वड्या. आम्ही सगळे लांब उभे राहून वर बघत होतो. आकाशात घारी होत्या, कबुतरं होती. भिंतीवर एक माकड येऊन बसलं आणि त्याने गुरुजींकडे असं काही पाहिलं की तू असतास तर हसून खाली बसला असतास. कावळे नव्हते असं नाही. पिंपळावर होते, काव काव करत होते, फक्त खाली उतरत नव्हते.

मेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही आणि जिवंतांपैकी कुणीतरी ती इच्छा ओळखून पुरी करायचं कबूल करावं लागतं, हे मला ख्रिस्ती असूनही ठाऊक आहे. नगरला आमच्या गल्लीत हिंदू घरंच जास्त होती. तेव्हा एकेक जण पुढे होऊन कबूल करायला लागला. तुझा धाकटा भाऊ श्रीकांत म्हणाला, "दादा, आईला मी सांभाळीन." विद्या म्हणाली, "आपल्या ईशाचं शिक्षण थांबू देणार नाही." आपले साहेबही आले होते, काळा चष्मा लावून. त्यांना कुणीतरी हिंदीत प्रकार समजावून सांगितला तेव्हा तेही हात जोडून पिंपळाला म्हणाले, "माधव जी, ऑफिस की बिल्कुल चिंता मत करना." कावळ्यांनी तेही ऐकून घेतलं.

शेवटी काकू उठल्या. घाटावर येऊ नका म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं, पण तुझी आई ऐकणार थोडीच. त्यांनी पदर तोंडावर धरला आणि पानाकडे बघून दोनदा म्हणाल्या, "बोलते रे. बोलते आता." शोकात माणूस काहीबाही बोलतो, असं मला वाटलं.

मी मागे उभा होतो, सगळ्यांच्या चपलांजवळ. मला तुझी इच्छा ठाऊक होती. अंडरकटचा, म्हणजे पाठीकडच्या मऊ मांसाचा, बोटभर जाड तुकडा, बाहेरून करपलेला, आतून गुलाबी, आणि सोबत लाल वाइन. एक पाऊल पुढे टाकून मी म्हणू शकलो असतो. नाही म्हणालो. ते मोठ्याने सांगणं तुझं काम होतं. तेच तर मी तुला सांगत होतो, आणि त्यावरूनच तर आपलं बिनसलं होतं. तू हयात असताना तुझ्या तोंडून जे निघालं नाही ते तुझ्या पिंडासमोर मी का बोलू?

ऊन वाढलं. गुरुजींनी दर्भाची काडी वळून तिचा कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला. शास्त्रात तशी सोय आहे म्हणे. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि माझा तिळपापड झाला. जन्मभर तू सोयच बघत आलास आणि शेवटीही तुला गवताचाच कावळा मिळाला.

रागावू नकोस. मी तुरट माणूस आहे, हे तूच ठरवून टाकलं होतंस.

कधी ठरवलंस ते आठवतं? बेल्जियमचे पाहुणे आले होते त्या रात्री. आपण दोघंही दिल्लीत नवे. कंपनी नवी, गुडगाव त्याहून नवं. काचेच्या इमारतीतून खाली बघावं तर मोहरीचं शेत आणि त्यात उभी म्हैस. पाहुण्यांना हॉटेलात जेवायला न्यायचं ठरलं तेव्हा साहेब मला म्हणाले, "यार सॅम, तुम तो क्रिश्चियन हो. वाइन-शाइन तुम देख लेना." मी काय बघणार कपाळ! आमच्या नगरच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षाचा रस मिळायचा, तोही घोटभर. आमच्या घरी मांस शिजायचं ते तिखट रश्श्यात, भाकरीबरोबर, आणि खाल्लं जायचं हाताने. स्टेक नावाचा पदार्थ मीही तोवर बघितलेला नव्हता.

बघून ठेवलंस ते तू. पुण्याचा शाकाहारी ब्राह्मण, पण कुठूनसे चार कागद मिळवलेस आणि परवचा म्हणावा तसं पाठ केलंस. मासा-कोंबडीला पांढरी, लाल मांसाला लाल. तिखटाबरोबर ही नको, गोडाबरोबर ती नको. मला म्हणालास, "सॅम्या, सोपं आहे रे. आमच्या आजीचं सोवळं याहून अवघड होतं." स्वतः मशरूमचं सूप पिऊन सुटायचं असा तुझा बेत होता. पण त्या म्हाताऱ्या पाहुण्याने कौतुकाने सगळ्यांसाठी स्टेकच मागवला आणि साहेबांनी टेबलाखालून तुझ्या पायावर पाय दिला.

तू खाल्लास. मी तुझ्याकडे बघत होतो. पहिला घास तू गिळलास तो औषधासारखा, वर वाइनचा घोट घेऊन. दुसऱ्या घासाला थांबलास. तिसऱ्याला डोळे मिटलेस.

बाहेर गाडीची वाट बघताना मी विचारलं, "कसं लागलं?"

"फणसाच्या भाजीसारखं. म्हणजे फणस ज्याची नक्कल करतो ना, तसं." मग म्हणालास, "ती वाइन नुसती प्यायलो तेव्हा आवळा चघळल्यासारखी तुरट होती. जीभ ओढून धरली तिने. पण त्या चरबीवरून गेली आणि मऊ झाली. आणि तो घासही हलका झाला. गंमत आहे नाही? एकटी कुणाला आवडणार नाही अशी गोष्ट, बरोबर कोण आहे त्यावर तिची चव ठरते." आणि माझ्या पाठीवर थाप मारून, "तू तुरट आहेस, मी तुपकट. आपलं जमणार."

जमलं. तुझ्या तुपकटपणावर माझी वर्षं सुखाची गेली, हे तुला कधी म्हणालो नाही. आता म्हणतो. ऑफिसात मी भांडून यायचो आणि मागून तू जाऊन निस्तरून यायचास. मयूर विहारच्या सोसायटीत मला फ्लॅट मिळत नव्हता, आडनाव ऐकून सेक्रेटरी गोड हसायचा आणि पुढच्या महिन्यात या म्हणायचा. तू त्याच्याकडे बसून चहा प्यायलास, त्याच्या मुलाच्या नोकरीची चौकशी केलीस, आणि किल्ली घेऊन आलास. मला तेव्हाही राग आला होता. पण घर मिळालं.

त्याच घरात आपला परिपाठ सुरू झाला. तवा माझा, बाटली तुझी. महिन्यातला एखादा शनिवार. आयएनए मार्केटातल्या खाटकाकडून मी अंडरकट आणायचो. म्हशीचं, अर्थात. त्यावर तुझं ठरलेलं वाक्य, "म्हशीचं दूध चालतं, तूप चालतं, मग बाकीच्या म्हशीने काय घोडं मारलंय?" रिबेका, माझी बायको, भाकरीचा जाड बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवायची. मीठ, मिरी, बस्स. आणि बाटली तू पुण्याहून येताना आणायचास, गोड्या मसाल्याच्या पुड्यांमध्ये दडवून, कारण काकू सामान उघडून बघायच्या.

भांडण व्हायचं ते तापमानावरून. तुझ्या कागदांत लिहिलं होतं की लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी. मी म्हणायचो, कुणाच्या खोलीच्या? फ्रान्समधल्या की मे महिन्यात लाइट गेलेल्या मयूर विहारमधल्या? आमच्या खोलीत ती काढ्यासारखी गरम व्हायची. फ्रिजमध्ये ठेवू दिली नाहीस, म्हणे मरते. शेवटी तोडगा रिबेकाने काढला. बाटली कूलरच्या टाकीत सोडली. वाळ्याच्या गवतातून पाणी ठिबकतंय, खाली टाकीत बाटली डुलतेय, लेबल सुटून वर तरंगतंय. ना थंड ना गरम, बरोबर हवी तशी. तू इतका खूश झालास की दर वेळी कूलरला नमस्कार करायचास.

आणि निघताना वेलदोडा. खिशातून काढून दोन दाणे दाढेखाली धरायचास आणि गाडी चालू करायचास. गुडगावला पोचेपर्यंत तू पुन्हा काकूंचा माधव झालेला असायचास. मी खिडकीतून बघायचो. पहिली काही वर्षं मला त्याचं हसू यायचं. मग यायचं बंद झालं. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस मला एरवीही आवडत नाही, आणि इथे तर ते ताक माझ्या घरचं होतं.

तुझ्या घरी मला चहा मिळायचा. काकू प्रेमाने विचारपूस करायच्या, आईची, नगरच्या पावसाची. वडी द्यायच्या, चिवडा द्यायच्या. पण जेवायची वेळ झाली की त्या घड्याळाकडे बघायच्या आणि मी उठायचो. "जेवून जा" हे शब्द त्या घरात मी कधी ऐकले नाहीत. तुला ते दिसत होतं. तू मला लिफ्टपर्यंत सोडायला यायचास आणि दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत राहायचास.

मग तो नाताळ आला. रिबेकाची हौस, की एकदा तरी माधवच्या घरच्यांना बोलवायचंच. तू आदल्या दिवशी फोन केलास, "शाकाहारी कर हां सगळं, आणि आईसमोर काही बोलू नकोस." नवीन भांडी आणली आम्ही. रिबेकाने पहाटे उठून उंधियू केला, पुरणपोळ्या केल्या. काकू आल्या हेच तिला केवढं वाटलं होतं. त्या दोन घास जेवल्याही. आणि मग, मनात काही नसताना, नुसत्या कुतूहलाने त्यांनी विचारलं, "तुमच्यात ते मोठं जनावर खातात म्हणे?"

रिबेकाच्या हातात भाताचा चमचा होता. मी तोंड उघडलं. पण तू माझ्या आधी बोललास. "छे गं आई, सॅमचं घर तसलं नाहीये. आपल्यासारखंच आहे."

माझ्या घरात, माझ्या टेबलावर. तवा समोर भिंतीला टांगलेला होता. काकू म्हणाल्या, "मला वाटलंच होतं," आणि त्यांनी आणखी भात मागितला. रिबेकाने तो वाढला. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तुम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

खाली गाडीपाशी मी तुला गाठलं. "माझं घर तसलंच आहे, माधव. आणि तू त्या तसल्या घरात दर महिन्याला जेवतोस."

"यार सॅम्या, आईचं वय बघ ना. एका वाक्याने काय बिघडलं?"

"तुझं काही बिघडलं नाही. बिघडलं ते माझं."

तू खिशातून वेलदोडा काढलास. सवयीने. त्या दिवशी काही खाल्लेलंही नव्हतंस. मला तुझ्या कानाखाली मारावीशी वाटली होती, आणि आजही त्या आठवणीने हात शिवशिवतो.

नंतर आपण ऑफिसात बोलायचो, कामापुरते. मी चार्टर्ड बसने घरी, तू तुझ्या गाडीने. तवा भाकरीला वापरात गेला. उन्हाळा लागला, कूलर खाली काढला, टाकी धुतली, आणि टाकीत पाण्याशिवाय काही नव्हतं.

तुझा फोन आला तेव्हा तू नुकताच ब्रसेल्सहून परतला होतास. "बाटली आणलीय. चांगली आहे, तुझ्या लायकीची नाही. या वेळी माझ्याकडे ये. तवापण माझा."

"आणि काकू?"

"आई असेल की. घरातच राहते ती."

"मग आधी त्यांना सांग. तोंडाने सांग. तू काय खातोस, कुणाच्या घरी खातोस, किती वर्षं खातोस. मग येतो मी."

मागे ईशाच्या टीव्हीचा आवाज येत होता. "सांगतो," म्हणालास. "रविवारी सांगतो."

"सांगितलंस की फोन कर."

रविवार गेला. फोन आला नाही. सोमवारी ऑफिसात तू मला बघून हसलास आणि मीटिंगमध्ये शिरलास. मी समजून गेलो, गिळलं याने पुन्हा. तो अख्खा आठवडा मी तुझ्यावर मनातल्या मनात धुमसत होतो. कॅन्टीनमध्ये तू माझ्या टेबलाकडे यायला लागलास आणि मी डबा बंद करून उठलो. शुक्रवारी जिन्यात तू बसलेला दिसलास असं सिक्युरिटीवाला सांगत आला. आम्ही धावलो. तू भिंतीला टेकून बसला होतास, टाय सैल केलेला, आणि संपला होतास. वय काय तुझं, जायचं वय होतं का हे?

म्हणून मी घाटावर गप्प राहिलो. तू सांगितलं नाहीस, असं मी धरून चाललो होतो.

तेराव्याच्या जेवणाला मी आलो नाही. मला पंगतीत कुठे बसवायचं हा प्रश्न कुणावर यायला नको होता. काल संध्याकाळी गेलो, माणसं पांगल्यावर. विद्या आणि ईशा बँकेच्या कामाला गेल्या होत्या. काकूंनीच दार उघडलं आणि मला सरळ त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. त्या खोलीत मी आजवर पाऊल ठेवलेलं नव्हतं. आत भट्टी होती नुसती. सगळ्या घराला एसी, पण एसीने गुडघे धरतात म्हणून काकूंच्या खिडकीला तू कूलर बसवून दिलेलास. तो बंद होता.

"कूलर बिघडलाय का, काकू?"

"नाही. पाण्यात ते आहे."

मला कळेना. त्यांनी बोट दाखवलं. मी बाजूची जाळी काढली, टाकीत हात घातला, आणि माझ्या हाताला बाटलीची मान लागली. लेबल सुटून माझ्या मनगटाला चिकटलं.

"त्यानेच ठेवली," काकू म्हणाल्या. "रविवारी. आधी माझ्यासमोर बसला आणि सगळं सांगितलं. तुझ्याकडे काय खातो, कधीपासून खातो. नाताळला खोटं बोललो म्हणाला. मग ही आणून माझ्या कूलरमध्ये सोडली. म्हणाला, सॅमसाठी आहे, पाणी बदललंस तरी ही काढू नकोस."

मी ओली बाटली धरून उभा होतो.

"मी त्याच्याशी बोलणं टाकलं. रविवारपासून. तो रोज ऑफिसला जाताना दारात उभा राहायचा, आई जातो म्हणायचा, मी भिंतीकडे तोंड करायची. विद्याने त्याला म्हटलं, निदान सॅमला फोन करून टाका. तर म्हणाला, आई बोलली की करतो. अर्धं काम झाल्यावर कशाला सांगू." त्यांनी पदराने बाटलीवरून गळणारं पाणी टिपलं, जमीन ओली होऊ नये म्हणून. "शुक्रवारीही म्हणाला, जातो. मी बोलले नाही."

बोलते रे, बोलते आता. घाटावर काकू तुझ्याशी काय बोलल्या ते मला तेव्हा कळलं. आणि तेही ऐकून तू आला नाहीस.

माधव, मी चुकीचा नव्हतो. माझ्या घरी खाऊन माझ्या घराला नाकारणं चूकच होतं आणि तू ते कबूल करायला हवं होतंस. पुन्हा तो फोन आला तरी मी तेच म्हणेन. काकूही काल तशाच ठामपणे म्हणाल्या. "मला ते आजही पटत नाही. माझ्या घरात ते शिजू देणार नाही मी. पण बोलायला हवं होतं रे." आम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो आणि तू आमच्या मधे पाच दिवस एकटा होतास. त्यातला एक दिवस तू डबा घेऊन माझ्या टेबलाकडे आलास. कशाला आला होतास ते मी ऐकूनच घेतलं नाही.

"घेऊन जा ती," काकू म्हणाल्या.

"नको, काकू. मला इथेच बोलावलं होतं त्याने."

"कशी लागते?"

"तुरट. नुसती घेतली तर तुरट."

त्यांनी मान हलवली, जणू त्यांना तेवढंच विचारायचं होतं. मी बाटली परत टाकीत सोडली, वर पाणी भरलं, जाळी लावली. काकूंनी स्वतः उठून बटण दाबलं. पंप घरघरला, वाळ्याचा वास आला, आणि त्या बंद खोलीत इतक्या दिवसांनी वारा फिरला. आम्ही दोघं कूलरसमोर बसून राहिलो. बाहेर अंधार पडायला लागला. जेवायची वेळ झाली तशी माझी नजर सवयीने घड्याळाकडे गेली आणि मी उठायला लागलो.

काकूंनी मला हाताने खाली बसवलं. पण बोलल्या त्या माझ्याशी नाही. कूलरकडे बघून बोलल्या.

"माधव, सॅम आलाय रे. जेवून जाईल."

मी जेवलो. वरणभात होता.